तीन डोमेन, तीन ‘इन्फो’, एक सर्व्हर: पोस्टफिक्स आणि डव्हकॉटचा माझा अनुभव

अप्पा बळवंत चौकातला एक पुस्तक वितरक, कर्वे रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय आणि भोसरीतलं एक वर्कशॉप, या तिघांचं कॉम्प्युटरचं काम मी बघते. तिघांची डोमेन (मेलमध्ये @ नंतर येणारं नाव) वेगळी, पण मेलचा पत्ता प्रत्येकाला ‘इन्फो’ हाच हवा. जुन्या सर्व्हरवर मेलबॉक्स लिनक्सच्या खऱ्या युजरांचे होते. ‘इन्फो’ नावाचा युजर एकच, म्हणून लग्नाच्या तारखेची चौकशी वर्कशॉपवाले उघडायचे. एकदा त्यात कार्यालयाचं बुकिंग गेलं. तिथल्या काकू माझ्यावर चिडल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग डेबियन १२ या लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेल ठेवून उघडून देणारा) नव्याने बसवले. आता मेलबॉक्ससाठी सर्व्हरवर युजर काढावा लागत नाही. ‘व्हीमेल’ नावाचा एकच युजर सगळ्या फायलींचा मालक. त्याचा युआयडी, म्हणजे युजरचा नंबर, मी ५००० ठेवला. आत डोमेनचा फोल्डर, त्यात प्रत्येक पत्त्याचा. लॉगिनला पूर्ण पत्ता लागतो, त्यामुळे तीन ‘इन्फो’ एकमेकांत मिसळत नाहीत. पत्ता आपला आहे का हे पोस्टफिक्स ठरवतो आणि मेल एलएमटीपीने (आतल्या आत मेल सोपवायची पद्धत) डव्हकॉटकडे देतो. पुढे मेल ठेवणं आणि ९९३ पोर्टवर आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) उघडून देणं डव्हकॉटचं.

माझे दोन दिवस गेले ते एका ओळीत. वितरकाचं डोमेन व्हर्च्युअल यादीत (सर्व्हरवर खरा युजर नसलेल्या मेलबॉक्सांची डोमेन) घातलं, पण जुन्या ‘मायडेस्टिनेशन’मधून, म्हणजे खऱ्या युजरांच्या डोमेनच्या यादीतून, काढलं नाही. पोस्टफिक्स अशा वेळी ‘मायडेस्टिनेशन’चं ऐकतो, डोमेन लोकल समजतो, आणि तसा युजर सर्व्हरवर नसला की मेल परत पाठवतो. दोन्हीकडे डोमेन लिहू नका, असं लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं होतं. लॉग आधी वाचायला हवा होता. दुसरं, पत्त्यांची फाईल बदलली की ‘पोस्टमॅप’ ही कमांड चालवून पोस्टफिक्स वाचतो ती यादी नव्याने बनवावीच लागते, नाहीतर जुनीच यादी चालू राहते. त्याच कमांडला ‘-क्यू’ लावून पत्ता विचारून बघता येतो; मी आता प्रत्येक बदलानंतर विचारते.

माझ्याकडे २७ पत्ते आहेत, त्यांना साधी फाईल पुरते. रोज पत्ते वाढत असतील तर मायएसक्यूएल हा डेटाबेस घ्या.

येणाऱ्या मेलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जाणाऱ्या मेलसाठी मात्र एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनकडून आलाय हे पटवणाऱ्या खुणा) आणि आयपीचं उलटं नाव, म्हणजे पीटीआर (सर्व्हरच्या आयपी नंबरावरून त्याचं नाव सांगणारी नोंद), जुळवून ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल त्याबाबत कडक आहे. खरी नाराजी आहे ती डव्हकॉट २.४ वर. २.३ ची कॉन्फिग (सेटिंगची फाईल) त्यात तशीच चालत नाही आणि डेबियन १३ मध्ये २.४ च येतो. त्यासाठी मी वेगळा सर्व्हर घेऊन सगळं पुन्हा लिहिते आहे. तोवर तुळशीच्या लग्नानंतरच्या चौकश्या थेट काकूंकडे जाताहेत.