'प्लांट'च्या मुळाशी: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी कितपत कामाची?

डग्लस हार्पर यांचा हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. कोशाचा कस अवघड शब्दांपेक्षा साध्या शब्दांवर लागतो, म्हणून 'प्लांट' घेऊ.

नाम आणि क्रियापद यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. पहिली वाचून थांबलात की फसलात. नामाखाली लॅटिन 'प्लांटा' सापडतो: कोंब, लावायची फांदी. पण लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे पायाचा तळवाही. रोप पायाने दाबून जमिनीत रोवायचं, त्यावरून ते नाव पडलं असावं, असं कोश म्हणतो. हा 'असावं' गाळून तीच गोष्ट छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. टाचदुखीच्या 'प्लांटर फॅशिआयटिस'मधला 'प्लांटर' मात्र निःसंशय तळव्याचाच.

मग कारखाना 'प्लांट' कसा? त्याचं उत्तर क्रियापदात आहे. रोवलेली, म्हणजे जागेवर बसवलेली यंत्रं. हा अर्थ १७८९चा. इथे साल म्हणजे लिखाणातला सापडलेला पहिला पुरावा, अर्थाची जन्मतारीख नव्हे.

कोशाची खरी मजा धातूच्या, म्हणजे शब्दाच्या मूळ रूपाच्या, दुव्यात. 'प्लांटा'मागच्या 'पसरणे' या अर्थाच्या धातूवर टिचकी मारली की भाषांचं अख्खं गोत उलगडतं. आपले 'पृथु' आणि 'पृथ्वी' त्यातलेच. धातूआधी चांदणी (*) दिसली तर समजावं, तो कुठेही लिहिलेला मिळालेला नाही, तुलनेतून बांधलेला आहे. 'क्लॅन' (कूळ) हाही शब्द जरूर उघडा. जुन्या आयरिशला 'प' परका होता, त्यामुळे 'प्लांटा'चा 'क्लांड' झाला आणि अर्थ 'रोप'वरून 'संतती'वर गेला.

उणीव एकच, पण मोठी: कुठलं विधान कुठून घेतलं हे नोंदीत सहसा कळत नाही. लेखात साल द्यायचं असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाशी ताडून घ्या. तिथे प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे असतात. वर्गणी मात्र भरावी लागते.

'प्लांटेन' शोधताना जपून. त्याच्याही नोंदी दोन. रुंद, जमिनीलगत पसरणाऱ्या पानांची वनस्पती तळव्याच्या 'प्लांटा'वरून आली. भाजीचं केळं स्पॅनिशमधून, त्याचा तळव्याशी काही संबंध नाही.