रुगर १०/२२ कार्बाइन: आधी खेळ ठरवा, मग पार्ट्स घ्या

अमेरिकेत .२२ची (०.२२ इंची छोट्या गोळीची) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी, रायफल हवी म्हटलं की दुकानदार फारसा विचार न करता रुगर १०/२२ काढून समोर ठेवतो. १९६४पासून ही रायफल बाजारात आहे आणि तिची मूळ यंत्रणा आजही तीच आहे. त्यामुळे मॅगझिन (गोळ्यांची सुटी पेटी), सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारी माणसं, यांतलं काहीच दुर्मीळ नाही. साधी कार्बाइन (आखूड नळीची रायफल) तीनशे-चारशे डॉलरच्या आसपास मिळते आणि त्या पैशात सरावासाठी याहून बरं काही सापडणं अवघड आहे. पण खोक्यातून निघालेली १०/२२ कुठल्याच स्पर्धेला धड बसत नाही. मग लोक इंटरनेटवर याद्या वाचून पार्ट्स मागवत सुटतात, आणि रायफलीपेक्षा पार्ट्सचं बिल मोठं होतं.

खरेदीआधी एक गोष्ट, खास करून एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ वर असलेल्यांसाठी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही मना आहे. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणंही त्यातच येतं. याला काही अपवाद आहेत. नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. डीलरकडे भरायच्या ४४७३ फॉर्मवर हे स्पष्ट विचारतात आणि तिथे खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. मित्र म्हणाला म्हणून फॉर्म भरू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा. राज्यांचे नियम आणखी वेगळे. न्यू जर्सीत आधी खरेदीदार ओळखपत्र काढावं लागतं. तिथे आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची आहे, म्हणजे रुगरचं २५ गोळ्यांचं बीएक्स-२५ तिथे घेता येत नाही.

आता रायफलीकडे. साध्या कार्बाइनचं बॅरल (नळी) साडेअठरा इंच, वजन साधारण ५ पाउंड, दस्ता लाकडी. रिसीव्हर (यंत्रणेचा सांगाडा) ॲल्युमिनियमचा आणि ट्रिगरचं, म्हणजे चापाचं, घर प्लास्टिकचं. प्लास्टिक पाहून नाक मुरडायचं कारण नाही, ते टिकतं. खरी जमेची बाजू म्हणजे १० गोळ्यांचं फिरतं मॅगझिन. ते दस्त्याच्या तळाशी सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही, त्यामुळे पालथं पडून नेम धरताना जमिनीला अडत नाही. गोळ्यांना वाट देणारे ओठ धातूचे असल्याने सहसा वाकत नाहीत. उणीव एकच: शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट (गोळीमागे बंद होणारा सरकता ठोकळा) उघडा राहत नाही. मॅगझिन संपलं हे रिकामा 'टक्' ऐकूनच कळतं. वेळेच्या खेळात गोळ्या मनात मोजायची सवय लावावी लागते. रिकामा चाप ओढल्याने या रायफलीला इजा होत नाही, मात्र फायरिंग पिनला (गोळीवर आदळणाऱ्या सुईला) अडवणारी छोटी आडवी पिन जागेवर हवी. ती नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या (नळीतल्या गोळीच्या घराच्या) कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते.

सगळ्यात मोठी तक्रार ट्रिगरची. फॅक्टरीतून येणारा चाप साधारण ६ पाउंडांचा, म्हणजे ५ पाउंडांची रायफल आणि तिच्याहून जड ट्रिगर! उभ्याने नेम धरताना चाप सुटायच्या आत नळी हलते आणि नेमबाज स्वतःला दोष देत बसतो. रुगरचाच बीएक्स ट्रिगर अडीच ते तीन पाउंडांत सुटतो. दोन आडव्या पिना काढल्या की जुनं घर खाली येतं, नवं तिथेच बसतं. कानस-पॉलिशचे घरगुती प्रयोग करण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा, कारण हॅमर (पिनवर आदळणारा हातोडा) आणि त्याला अडवून धरणाऱ्या सिअरचे कोन बिघडले की रायफल धक्क्याने आपोआप सुटू शकते.

पण थांबा. तुम्ही सीएमपीच्या (नागरिकांना नेमबाजी शिकवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) रिमफायर स्पोर्टर, म्हणजे साध्या .२२ रायफलींच्या, स्पर्धेला जाणार असाल तर तिथे ट्रिगर किमान ३ पाउंडांचा लागतो आणि तो वजन टांगून तपासतात. अडीच पाउंडांत सुटणारा बीएक्स तिथे नापास. तिथेच रायफलीच्या वजनावर दुर्बिणीसकट साडेसात पाउंडांची मर्यादा आहे. लोक हौसेने .९२० इंच जाडीचं बुल बॅरल बसवतात, वर दुर्बीण चढवतात आणि साडेसात ओलांडून बसतात. दुर्बिणीच्या टी वर्गात ६ पटीच्या वर मोठं दिसलेलं चालत नाही, म्हणजे ४-१२ पटींची महागडी दुर्बीण असली तरी ती ६ पटीच्या वर नेता येत नाही. म्हणून आधी खेळ ठरवा असं म्हणतो.

प्रोजेक्ट ॲपलसीड या नेमबाजीच्या शिबिरांचं गणित वेगळं. तिथल्या परीक्षेचं टार्गेट २५ मीटरवर, गोळ्या ४०, गुण २५० आणि 'रायफलमन' हा किताब मिळायला २१० लागतात. पहिला टप्पा उभ्याने, १० गोळ्या २ मिनिटांत. दुसरा बसून, ५५ सेकंदांत १० गोळ्या, त्याही मॅगझिन बदलून: पहिल्यात २, दुसऱ्यात ८. तिसरा पालथं पडून, ६५ सेकंदांत, तीच २ आणि ८ची विभागणी. शेवटचा सावकाश, त्याचे गुण दुप्पट. इथे ट्रिगरपेक्षा आधी लागतो तो पट्टा. दंडाला आवळून बांधलेला सव्वा इंची सुती पट्टा पालथ्या पोझिशनमध्ये रायफल अक्षरशः खिळवून ठेवतो. साध्या कार्बाइनला पट्टा अडकवायची सोय नसते, ती वेगळी बसवावी लागते. फॅक्टरीच्या घडीच्या मागच्या साइटऐवजी (नेम धरायच्या खुणेऐवजी) टेक-साइट्स कंपनीची भोक असलेली साइट बसवली की उघड्या साइटनेही २१० गाठता येतात. मॅगझिन बदलताना जुन्या १०/२२चं गुळगुळीत बटण बोटाला सापडत नाही, म्हणून लांब लिव्हर असलेलं मॉडेल घ्या किंवा तेवढंच लिव्हर बदला. हा खर्च वीस-तीस डॉलरचा, आणि ५५ सेकंदांत त्याचा फरक लगेच दिसतो.

स्टील चॅलेंज या वेळेच्या स्पर्धेत रिमफायर रायफलला प्रत्येक फेरीत ५ लोखंडी टार्गेट्स असतात, नळी खाली ठेवलेल्या खुणेकडे रोखून सुरुवात करायची. तिथे १० गोळ्यांचं मॅगझिन पुरतं, पण दोन-तीन चुका झाल्या की धावपळ होते. लाल ठिपक्याची साइट, बीएक्स ट्रिगर आणि हलकं बॅरल, एवढंच तिथे पुरे.

गोळ्यांवर जरा थांबू, कारण १०/२२ची निम्मी बदनामी चुकीच्या गोळ्यांमुळे होते. ही रायफल ब्लोबॅक पद्धतीची आहे. बोल्टला कुलूप नाही, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढीच अडवणूक. रिकाम्या पुंगळीचा धक्काच बोल्टला मागे नेतो. म्हणून अगदी संथ गोळी, उदाहरणार्थ सीसीआय क्वाएट-२२ (७१० फूट प्रति सेकंद), बोल्ट पुरता मागे नेत नाही आणि पुंगळी अडकते. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी (४० ग्रेन वजनाची, १०७० फूट) बहुतेक रायफलींत नीट चालते, पण नव्या, ताठ स्प्रिंगच्या किंवा कचऱ्याने भरलेल्या रायफलीत अधूनमधून दमते. मिनी-मॅग (४० ग्रेन, १२३५ फूट) कुठेही चालते, पण आवाजाच्या वेगाहून जास्त वेगाने निघून वाटेत त्या वेगाखाली येते आणि त्या संक्रमणात गोळी डळमळते. ५० यार्डांपर्यंत फरक फारसा जाणवत नाही, १०० यार्डांवर जाणवतो. स्वस्तातल्या ३००-५०० गोळ्यांच्या ढीग-पॅकात रिममधलं (पुंगळीच्या कडेतलं) प्रायमिंग, म्हणजे पेट घेणारं मिश्रण, सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. त्यामुळे काही गोळ्या पेटत नाहीत आणि वेगही कमी-जास्त होतो, टार्गेटवर तो उभ्या रेषेत पसरलेल्या भोकांतून दिसतो.

आमचा सल्ला: सीसीआय स्टँडर्ड, फेडरल ऑटोमॅच, एसके स्टँडर्ड प्लस आणि आणखी एखादी, अशा चार जातींच्या एकेक पेट्या घ्या. प्रत्येकीच्या १० गोळ्या आधी नळी सवयीची करायला, मग ५-५ गोळ्यांचे पाच गट (एकाच नेमाने पडलेल्या भोकांचे पुंजके), ५० यार्डांवर, वाळूच्या पिशवीवरून. सर्वात लहान गट बघू नका, पाचांची सरासरी बघा. साध्या कार्बाइनने चांगल्या गोळीने एक ते दीड इंचाचा गट द्यावा. त्याहून लहान हवं असेल तरच नव्या बॅरलचा विचार. तोच पैसा आधी गोळ्यांत घातला तर गुण जास्त वाढतात.

झिरो (नेम आणि गोळी जुळण्याचं अंतर) ५० यार्डांवर केला तर स्टँडर्ड गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली जाते. पाव मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचं माप) क्लिकची दुर्बीण असेल तर ५० यार्डांवर १ इंचासाठी ८ क्लिक, २५ यार्डांवर १६. दुर्बीण रिमफायरचीच घ्या, जिचा पॅरॅलॅक्स ५० यार्डांना जुळवलेला असतो. मोठ्या सेंटरफायर रायफलींची १०० यार्डांची दुर्बीण लावली तर डोळा जरा सरकला की नेमही सरकतो. आणखी एक: कार्बाइनचा दस्ता उघड्या साइटसाठी बनवलेला, गालाची जागा खाली. दुर्बीण चढवली की हनुवटी टेकवून बघावं लागतं. फोमची पट्टी आणि चिकटपट्टी लावून गालाची जागा उचला, दिसायला गावठी दिसलं तरी काम होतं.

'कालपर्यंत बरी मारत होती, आज नेम फिरला' ही तक्रार आली की आधी तीन स्क्रू बघा. एक, दुर्बिणीच्या बेसचे. दोन, दस्त्याला यंत्रणा जोडणारा टेकडाउन स्क्रू, मॅगझिनच्या पुढचा. हा १५ ते २० इंच-पाउंडांत आवळायचा, दर वेळी तितकाच. तीन, नळी-दस्त्याला एकत्र धरणारी पुढची पट्टी. ती घट्ट असेल तर नळी तापली की दाब बदलतो आणि गट सरकतो. ती नुसती सैल करून बघा. बॅरल रिसीव्हरला व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी बांधलेलं असतं. हे दोन्ही पाळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे, नाहीतर नळी एका बाजूला झुकते. जाड बॅरल लावल्यास सगळं वजन त्या एवढ्याशा जोडावर लटकतं, म्हणून त्याला दस्ताही तसाच बेडिंग केलेला (आतून नेमका जुळवलेला) लागतो.

गोळी न सुटल्यास नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. रिमवर खड्डा खोल असेल तर दोष गोळीचा. खड्डा उथळ असेल तर चेंबरमध्ये मेण-शिसं साचल्याने बोल्ट पूर्ण बंद होत नसेल. पुंगळी उभी अडकली तर गोळी संथ आहे किंवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) बोथट झालाय. गोळीचं नाक चेंबरच्या कडेला आपटत असेल तर मॅगझिनवर संशय घ्या. सगळ्या मॅगझिनवर मार्करने क्रमांक टाका, म्हणजे दोष तीन क्रमांकाचा की सगळ्यांचा हे लगेच कळतं. फिरत्या मॅगझिनचा स्क्रू नवख्याने खोलू नये. आतली स्प्रिंग ताणून बसवलेली असते, ती सुटली की पुन्हा तेवढीच ताणणं जमत नाही.

सफाईला उघडताना: मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, हॅमर चढवलेला ठेवा. पट्टी आणि टेकडाउन स्क्रू सैल केल्यावर सेफ्टीचं बटण अर्ध्यावर आणा, तरच यंत्रणा दस्त्यातून बाहेर येते. अनेक जण इथेच जोर लावून दस्त्याची कड मोडतात. रिसीव्हरची मागची बाजू बंद असल्याने सळई पुढूनच घालावी लागते आणि नळीचं तोंड घासलं जाण्याची भीती असते. नळीतून ओढायचा केबलसारखा पुलथ्रू वापरा. आत बोल्ट जिथे आपटतो ती लोखंडी पिन काढून पॉलियुरेथेनची बसवली तर खणखणाट कमी होतो. चेंबर नायलॉन ब्रशने घासा. नळी मात्र दर वेळी चकाचक करू नका, गोळ्यांच्या मेणाचा थर बसल्यावरच गट जुळतो. शेवटी थंड पाण्याने साबण लावून हात धुवा, शिसं नुसतं पुसून जात नाही.

आता ही रायफल कुणी घेऊ नये? ज्यांचं पोर ५० मीटर थ्री पोझिशनकडे वळणार आहे, म्हणजे स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्यात ब्राँझ मिळवलं त्या खेळाकडे, त्यांनी नाही. तिथे सिंगल-शॉट मॅच रायफल लागते आणि सेमी-ऑटोची सवय तिथे उपयोगी पडत नाही. एआर (लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटो) रायफलीचीच हाताळणी स्वस्तात गिरवायची असेल तर स्मिथ ॲण्ड वेसनची एम अँड पी १५-२२ जास्त सोयीची, तिची सेफ्टी-मॅगझिनची बटणं एआरच्या जागी आहेत आणि रिकामी झाली की बोल्ट उघडा राहतो. बाकी सगळ्यांना १०/२२ घ्या म्हणू: रायफल, पट्टा, तीन जादा मॅगझिन आणि मनात भरलेल्या गोळीच्या एकाच लॉटच्या हजार गोळ्या. बीएक्स ट्रिगर नंतर, आणि तोही स्पोर्टर खेळायचं नसेल तर.