अंबाजोगाईजवळची आमराई : मित्रांसोबत कविता वाचायला जावे अशी जागा

उन्हाळ्याच्या संध्याकाळी आठ-दहा मित्रांनी एकत्र बसून कविता वाचायचे ठरवले, तर मराठवाड्यातल्या गावांत त्यासाठी जागा मिळणे अवघड जाते. घराच्या गच्चीवरची फरशी रात्री नऊपर्यंत तापलेली असते, शाळेचे सभागृह सुट्टीत कुलूपबंद असते आणि हॉटेलात शेजारच्या टेबलावरची बोलणी ऐकू येतात. अंबाजोगाईहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत एक शेतकरी कुटुंब आपल्या जुन्या आमराईत चैत्रापासून मृग लागेपर्यंत अशा बैठकांसाठी जागा आणि जेवण देते. रस्त्यावरच्या पाटीवर ‘आमराई’ एवढेच लिहिलेले आहे. मला ही जागा आवडण्याचे मुख्य कारण सुरुवातीलाच सांगतो. इथली सगळी व्यवस्था माणसाला आधी भोवताल पाहायला लावते आणि मगच वाचायला बसवते.

पद्धत साधी आहे. साडेपाचच्या सुमारास पोहोचायचे, फाटकाजवळच्या रांजणातले पाणी प्यायचे, कैरीचे पन्हे घ्यायचे आणि निदान तासभर रानातून फिरून यायचे. तोपर्यंत सतरंज्या टाकल्याच जात नाहीत. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने आल्या आल्या पुस्तक उघडले, तेव्हा मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्याला म्हणाले, “ऊन जरा कलू द्या सर, मंग सावली हिकडं येती, तवा सतरंज्या टाकू. तवर पल्याडच्या उंबराखाली जाऊन या, तांबटानं घर केलंय.” त्यांनी हे आग्रहाने सांगितले, पण त्यात उपदेशाचा सूर नव्हता. पाहुण्याला आपल्या रानातली ताजी खबर द्यावी, तसे ते बोलले.

उंबर खरोखर पाहण्यासारखा होता. तांबट हा चिमणीएवढा, हिरव्या अंगाचा आणि कपाळावर व छातीवर लाल ठिपका असलेला पक्षी मराठवाड्यात सगळीकडे आहे. भर दुपारी भांडी घडवणाऱ्या कारागिराच्या हातोडीसारखी त्याची ‘टुक टुक’ ऐकू येते, पण प्रत्यक्ष पक्षी सहसा दिसत नाही, कारण तो पानांच्या रंगात मिसळून जातो. इथे एका वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला त्याने चोचीने कोरलेले गोल भोक होते. भोकाची कड इतकी साफ होती की ती गिरमिटाने पाडली असावी असे वाटावे. आम्ही खाली गप्प उभे राहिलो, तेव्हा आधी आतून चोच बाहेर आली, मग लाल कपाळ दिसले आणि मग पक्षी उडून समोरच्या वडावर गेला. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य खाणे असल्याने ही तिन्ही झाडे जवळजवळ असलेली जागा त्याला मानवते. परत आल्यावर आमच्यातल्या एका मैत्रिणीने वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहून वाचून दाखवल्या :

दुपार उसवली शिवेपासून शिवेपर्यंत,
तांबट एकटा टाके घालत बसलाय.

त्या संध्याकाळी घरून निवडून आणलेल्या कवितांपेक्षा या दोन ओळींवर जास्त वेळ बोलणे झाले. ज्या गोष्टीवर त्या होत्या, ती सगळ्यांनी नुकतीच पाहिली होती, त्यामुळे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही आणि कोणी उगाच वाहवाही केली नाही. ‘शीव’ आणि ‘शिवणे’ यांचा मेळ बसतो की ओढून आणलेला वाटतो, यावर दोन मित्रांचा चांगलाच वाद रंगला. कवितेवर असे मोकळेपणाने भांडता येणे मला फार मोलाचे वाटते आणि व्यासपीठ, ध्वनिक्षेपक व हारतुरे असलेल्या कार्यक्रमात ते क्वचितच होते. इथे ध्वनिक्षेपक नाही आणि मागितला तरी मिळत नाही. एका वेळी पंचवीसपेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, त्यामुळे साध्या आवाजात वाचलेले शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते.

फाटकाजवळच्या रांजणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. वाळूच्या ओट्यावर ठेवलेला, ओल्या पोत्याने गुंडाळलेला आणि वाळ्याची जुडी सोडलेला हा रांजण गिऱ्हाइकांपुरता नाही. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही तिथे पाणी मिळते. पाडव्याला पाणपोई सुरू करायची ही आपल्याकडची जुनी रीत या कुटुंबाने सोडलेली नाही. ज्या भागासाठी 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या भागात कोणी विनामूल्य रांजण भरून ठेवतो, याचे महत्त्व इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. रांजणाशेजारी बसूनच आमच्यातल्या एका सरांनी हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीतल्या एका गाथेचा अर्थ सांगितला. तहानलेला वाटसरू ओंजळीने पाणी पिताना डोळे वर करून पाणी वाढणारीकडे पाहत राहतो आणि हा क्षण लांबावा म्हणून बोटे विरळ करून पाणी गळू देतो, तर तीही तांब्याची धार मुद्दाम बारीक करत जाते. दोन ओळींच्या त्या गाथेत ऊन, तहान, संकोच आणि ओढ हे सगळे येते. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा हा संग्रह सातवाहनांच्या काळातला आणि त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. शेत, नदी, पाणवठा, उन्हाची झळ आणि गावातली माणसे एवढ्याच ऐवजावर ही कविता उभी आहे. आपल्या भागात कवितेला विषय मिळत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या तरुण मित्रांना मी यापुढे ही गाथा पाणपोईजवळ नेऊनच वाचून दाखवणार आहे.

अंबाजोगाई हे या दृष्टीने भाग्यवान गाव आहे. शके 1110 मध्ये विवेकसिंधु रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत याच गावचे. सकाळी समाधीस्थळ पाहून, दुपार गावात काढून संध्याकाळी आमराईत यावे, असा बेत लातूर किंवा बीडहून येणाऱ्यांना सहज जमतो. बालाघाटाच्या डोंगररांगेवर असल्यामुळे इथली संध्याकाळ परभणी-नांदेडपेक्षा लवकर निवते, हीही सोय आहेच.

आता झाडांविषयी. आमराई गावरान आंब्याची आहे आणि काही झाडे काकांच्या आजोबांनी लावलेली आहेत. मराठवाड्यात पूर्वी गावोगाव अशा आमराया होत्या. विहिरी आटल्या, वाटण्या झाल्या, लाकडाला भाव आला आणि एकेक करून त्या तुटल्या, त्यांच्या जागी ऊस किंवा केसरच्या नव्या बागा आल्या. केसरला माझा विरोध नाही, तो चवीला उत्तम आहे आणि शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात. पण गावरान आंब्याचे प्रत्येक झाड चवीला निराळे असते आणि म्हणून प्रत्येकाला वेगळे नाव असते, हे आता मुलांना सांगून खरे वाटत नाही. इथे शेप्या आहे, ज्याच्या रसाला शेपूचा वास येतो. खोबऱ्या, साखऱ्या आणि गोटी आहेत. फिरताना काका प्रत्येक झाडाचे नाव सांगतात आणि पाड लागला असेल तर खाली पडलेले फळ उचलून हातात देतात. बांधावर बहावा आहे आणि तो फुलला की सव्वा-दीड महिन्यात पाऊस येतो, असे इथली जुनी माणसे धरून चालतात. आम्ही गेलो तेव्हा त्याचे पिवळे घोस अर्धे गळलेले होते आणि खालच्या ढेकळांवर पाकळ्या पसरल्या होत्या. नांगरटीत टिटवीची अंडी होती. ढेकळांच्या रंगाची ती अंडी दाखवूनही दोघांना दिसेनात, म्हणून काकांनी चारी बाजूंनी काटक्या रोवून ठेवल्या आहेत, ट्रॅक्टरही तेवढी जागा सोडून फिरतो.

जेवण चांगले आहे. आमरस, शेवया, कुरडया, धपाटे, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी भाकरीबरोबर येसर आमटी असा बेत असतो. येसराला भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा होता. रस मिक्सरमधून न काढता हाताने पिळलेला असतो, त्यामुळे त्यात दशा लागतात. ज्यांना त्या चालत नाहीत त्यांनी आधी सांगितले तर गाळून देतात. माणशी 400 रुपये आणि मुलांना निम्मे, हा दर मला रास्त वाटला.

जेवणापेक्षाही मला विशेष वाटली ती इथली वही. ओसरीच्या खुंटीला जाड पुठ्ठ्याच्या वह्या दोरीने टांगलेल्या आहेत. प्रत्येक मंडळाने जाताना तिथे पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर चार ओळी लिहून जायचे असते. काकांच्या सूनबाई, ज्यांना आम्ही ताई म्हणालो, त्या प्रत्येक पानाच्या वर तारीख घालतात आणि त्या दिवशी रानात काय चालले होते तेही टिपतात : कोणत्या झाडाला पाड लागला, बहावा कधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, विहिरीला किती परस पाणी आहे. अनेक उन्हाळ्यांच्या या नोंदी आणि त्यांच्याखालच्या कविता एकत्र वाचताना एखाद्या छापील संग्रहातून मिळणार नाही असे काहीतरी हाती लागते. ज्या वर्षी पाणी खोल गेले, त्या वर्षीच्या पानावर कोणा शाळकरी मुलीच्या अक्षरात लिहिले होते :

विहीर खोल गेली, दोर वाढवला,
आजीचा हात मात्र तेवढाच राहिला.

त्यावरची ताईंची नोंद वाचल्यावर या ओळींना आणखी वजन येते. त्या मुलीचे नाव पानावर नाही आणि ताईंनाही ते आठवत नाही. माझी ताईंना एक कळकळीची विनंती आहे की त्यांनी या वह्यांच्या झेरॉक्स प्रती किंवा फोटो काढून ठेवावेत. ओसरीला उघड्यावर टांगलेला हा ठेवा वावटळीत, पावसात किंवा उधईने नासला, तर तो परत मिळणार नाही. एका वहीच्या कडा खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या दूर होण्यासारख्या आहेत. सगळ्यांत मोठी उणीव उजेडाची आहे. अंधार पडला की बैठकीवर एक मोठा पांढरा दिवा लावतात. त्याच्याभोवती पाखरे इतकी जमतात की ती पानांवर, ताटात आणि वाचणाऱ्याच्या चष्म्यावर येऊन पडतात, शिवाय वर आकाश दिसेनासे होते. त्याऐवजी खाली, माणसांच्या पाठीमागे पिवळ्या उजेडाचे दोन-तीन लहान दिवे ठेवले तर वाचायला पुरेल आणि चांदणेही राहील. हे आम्ही काकांना सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतल्यासारखे दिसले. दुसरी अडचण लग्नसराईची. हवेचा रोख फिरला की गावातल्या वरातीचा आवाज थेट आमराईत येतो आणि त्यावर मालकांचा इलाज नाही, म्हणून दाट तिथीचा दिवस टाळावा. तिसरी गोष्ट वयस्कर मंडळींसाठी आहे : फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट दगडगोट्यांची आहे आणि बसायला फक्त सतरंज्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांसाठी चार खुर्च्या किंवा बाजा ठेवायला हव्यात. स्वच्छतागृह मात्र स्वच्छ आहे, तिथे पाणी असते आणि स्त्रियांसाठी ते वेगळे आहे.

ही जागा कोणाला रुचणार नाही, तेही लिहितो. वाढदिवस, गाणी आणि फोटो यांसाठी जागा शोधणाऱ्यांनी इथे येऊ नये, त्यांची निराशा होईल आणि इतरांनाही त्रास होईल. ज्यांना कविता लिहिता येत नाही पण ऐकायला आवडते, त्यांनी अवश्य यावे. आमच्याबरोबर आलेल्या एका मित्राने आयुष्यात कविता लिहिलेली नव्हती. त्याने त्याच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या आणि त्या संध्याकाळची सगळ्यांत रंगलेली चर्चा त्यांच्यावरच झाली.

जायचे असेल तर दोन दिवस आधी फोनवर सांगावे लागते, कारण आंबा अढीतून काढणे आणि धपाट्यांचे पीठ तयार करणे हे सगळे घरचीच माणसे करतात. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस लवकर भरतात. झाडीत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे पैसे रोख न्यावेत आणि ज्या कविता वाचायच्या असतील त्या कागदावर उतरवून किंवा पुस्तकातूनच न्याव्यात. परतीच्या वाटेसाठी बॅटरी जवळ असावी, कारण उन्हाळ्यात विंचू निघतात. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बैठका चालतात. मृग लागला की घरातली सगळी माणसे पेरणीच्या तयारीला लागतात आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत ते कोणाला घेत नाहीत. गावरान आंबा ते बाहेर विकत नाहीत, पण जाताना मागितला तर लावण्यासाठी त्याच्या ओल्या कोया कागदात बांधून देतात. त्या उन्हात वाळू न देता आठवडाभरात मातीत घालाव्यात, असे ताई बजावून सांगतात.