कमानीची पट्टी जुन्या मोल्डिंगशी जुळवायची तर: तुकडे जोडावेत, पातळ थर वाकवावेत की सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) कोरून घ्यावी?

नागपुरात महालातल्या वाड्यांत आणि सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांत दारा-खिडक्यांवर अजून लाकडी कमानी दिसतात आणि त्यांच्याभोवती सागवानाची गोला-गलत्याची (फुगीर आणि खोलगट नक्षीची) पट्टी असते. सरळ पट्टी कुजली तर लकडगंजातून तशीच काढून आणता येते. वाकडी पट्टी गेली की मात्र बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो, ‘कमान झाकून टाका, वरून आडवी पट्टी मारू.’ हा सल्ला घेऊ नका. वाकडी पट्टी आजही हुबेहूब बनते. आपल्या कामाला कोणती पद्धत योग्य, तेवढं आधी ठरवावं लागतं.

त्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, पट्टी कोणत्या अंगाने वळते? कमानीभोवतीची पट्टी भिंतीला सपाट टेकलेली असते आणि रुंदीच्या बाजूने वळते. ७५ मिमी रुंदीची पट्टी अशी वाकवता येत नाही, ती मोडते. गोल भिंतीच्या पायाशी लागणारं स्कर्टिंग जाडीच्या बाजूने वळतं. १२ मिमी जाडी वाकवणं त्या मानाने खूप सोपं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की लाकूड आणि मजुरी दोन्ही वाया जातात. दुसरी गोष्ट, वर रंग लागणार की पॉलिश? रंगाखाली सगळे जोड लपतात. पॉलिशखाली जोड दिसतात, लाकडाच्या रेषांची दिशाही दिसते.

माप

जुनी कमान क्वचितच खरी अर्धगोल असते. तरी अंदाजासाठी त्रिज्या काढून ठेवा: जीवेचा (कमानीच्या दोन टोकांमधल्या सरळ अंतराचा) वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा अर्धा भाग. जीवा १२०० मिमी आणि उंची ३०० मिमी असेल तर ६०० अधिक १५०, म्हणजे ७५० मिमी. प्रत्यक्ष कापायला मात्र हे गणित वापरू नका. कमानीवर जाड ब्राउन पेपर ताणून चिकटवा, कडेवर पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या आणि तो ६ मिमी प्लायवर उतरवून फर्मा कापा. फर्मा जागेवर लावून पाहिल्याशिवाय लाकडाला हात लावू नका.

पट्टीचा छेदही (आडवी कापल्यावर दिसणारा आकार) तसाच नेमका हवा. रंगाच्या जुन्या थरांनी गोला फुगतो आणि गलता भरतो, त्यामुळे रंगावरून घेतलेलं माप हमखास चुकतं. लपलेल्या जागेचा एक वीतभर तुकडा काढा, रंग उतरवा, बारीक दात्यांच्या करवतीने काटकोनात कापा आणि त्या तोंडाची रेघ कागदावर घ्या. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, रिमूव्हर लावून खरवडा आणि मुलांना लांब ठेवा.

तुकडे जोडून

जुन्या कमानी बहुतेक अशाच बनलेल्या असतात. जुन्या पट्टीचं पॉलिश एका जागी उतरवलं की त्रिज्येच्या दिशेने जाणारे जोड दिसतात. ते मोजा आणि नवीन पट्टीतही त्याच जागी ठेवा.

आतली त्रिज्या ६०० आणि पट्टीची रुंदी ७५ मिमी धरू, म्हणजे बाहेरची त्रिज्या ६७५. पूर्ण अर्धगोलासाठी किती तुकडे घेता त्यावर फळीची रुंदी ठरते:

| तुकडे | किमान फळी रुंदी | तुकड्याची लांबी | टोकाशी रेषांचा तिरकसपणा |
|---|---|---|---|
| ३ | १५६ मिमी | ६७५ मिमी | ३० अंश |
| ४ | १२१ मिमी | ५१७ मिमी | २२.५ अंश |
| ५ | १०५ मिमी | ४१७ मिमी | १८ अंश |

रुंदीत १० आणि लांबीत १५ मिमी वाढवून फळ्या घ्या. तीन तुकड्यांत जोड कमी येतात, पण टोकाशी रेषा ३० अंशांनी कापल्या जातात. तिथे लाकूड आखूड रेषेचं होऊन गोल्याची कड तुटते. पॉलिशच्या कामाला चार तुकडे योग्य. पाच तुकड्यांनी लाकूड थोडं वाचतं, पण एक जोड वाढतो. २५ मिमी जाडीच्या चार तुकड्यांना साधारण पाव घनफूट सागवान पुरतं.

इथली मुख्य चूक म्हणजे आधी वळण कापणं आणि मग जोडणं. वाकड्या तुकड्यांना शिकंजा (क्लॅम्प) धरत नाही, ते घसरतात. आधी चौकोनी फळ्यांची टोकं कोनात कापा (चार तुकड्यांसाठी प्रत्येक टोक २२.५ अंश), जोडून अर्धा बहुकोन करा, गोंद वाळू द्या आणि मगच फर्मा ठेवून बँडसॉवर वळण काढा. जोडाचं तोंड बरंचसं आडव्या रेषेचं असल्याने नुसता गोंद टिकत नाही. प्रत्येक जोडात ६ मिमी प्लायची जीभ (दोन्ही तोंडांच्या खाचांत बसणारी पट्टी) बसवा. ती पट्टीच्या पाठीकडच्या तिसऱ्या भागात असू द्या, नाहीतर गलता खोल कापताना प्लाय वर उघडा पडतो.

थर वाकवून

यात पातळ पट्ट्या फर्म्याभोवती वाकवून एकमेकींना चिकटवतात. रेषा वळणासोबत अखंड धावतात आणि आडवा जोड एकही येत नाही. पट्टीची जाडी त्रिज्येच्या दीडशेव्या भागाच्या आसपास ठेवावी, ६०० मिमीला ३ ते ४ मिमी. म्हणजे ७५ मिमी रुंदीला ३ मिमीच्या २५ पट्ट्या. प्रत्येक पट्टीमागे करवतीच्या पात्यातही जवळपास तेवढंच लाकूड जातं, त्यामुळे तुकड्यांच्या पद्धतीपेक्षा सव्वा ते दीडपट सागवान लागतं. तेही सव्वादोन मीटरहून लांब, गाठी नसलेलं आणि सरळ रेषेचं. महाग पडतं ते त्यामुळेच.

वाकवलेले थर शिकंजे काढल्यावर थोडे परत उघडतात. थर वाढतात तसं हे उघडणं त्यांच्या संख्येच्या वर्गाने कमी होतं: दोन थरांना साधारण २५ टक्के, पाचांना ४ टक्के, दहांना १ टक्का. पंचवीस थरांच्या कमानीत त्याची काळजी नको. तीन थरांच्या स्कर्टिंगमध्ये मात्र फर्मा मुद्दाम थोडा जास्त वळणाचा करावा लागतो.

याच पद्धतीचा एक फार उपयोगी प्रकार फारसा कुणी सुचवत नाही. जुन्या छेदाची सरळ पट्टी बनवून घेता येत असेल, तर तशा दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी २.४ मीटर. पाठ खाली ठेवून पहिलीचे लांबीत ३ मिमीचे काप काढा. दोन कापांमधले ३ मिमी पात्यात जातात. दुसरी पट्टी पहिल्या ३ मिमीपासून सरकवून कापा, म्हणजे पहिलीत जे पात्यात गेलं ते हिच्यातून मिळतं. एक काप पहिलीचा, एक दुसरीचा, असे क्रमाने लावून कमानीच्या फर्म्याभोवती चिकटवले की गोला-गलता तयारच उमटतो. वाकडं मोल्डिंग कापायचं यंत्र लागतच नाही. अट एकच: कापाची जाडी आणि पात्याची चीर तंतोतंत सारखी हवी. प्रत्येक कापात ०.१ मिमी चुकलं तर २५ कापांत रुंदी अडीच मिमीने बिघडते. आधी टाकाऊ लाकडावर कापून व्हर्नियरने मोजा. चिकटवताना सगळ्या कापांच्या पाठी प्लास्टिक अंथरलेल्या सपाट प्लायवर दाबून बसवा, नाहीतर वरच्या नक्षीला पायऱ्या येतात. पॉलिशमध्ये बारीक समांतर रेघा जवळून दिसतात, म्हणून दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून काढा.

वळणावर छेद कसा उमटवायचा

स्पिंडल मशीनवर (टेबलातून वर आलेल्या उभ्या फिरत्या दांड्यावर पातं बसवायचं यंत्र) पातं घडवून बेअरिंगच्या आधाराने वळण चालवणं सगळ्यात साफ होतं. पण एका कमानीसाठी पातं घडवण्याचा खर्च जड जातो. तीन-चार कमानी असतील, किंवा सरळ पट्ट्याही त्याच पात्याने काढायच्या असतील, तर तो नक्की करा. जोडातला फरक दिसणारच नाही. राऊटरवर (हाताने चालवायच्या फिरत्या पात्याच्या यंत्रावर) दोन-तीन तयार बिट आलटून-पालटून जुना छेद साधतो, पण नेमका क्वचितच.

दोन्हीकडे एकच धोका असतो. प्रत्येक तुकड्याच्या निम्म्या भागात पातं रेषेच्या उलट जातं आणि तिथे चिपली उडते. एका फेरीत दीड-दोन मिमीपेक्षा खोल जाऊ नका, शेवटची फेरी अर्ध्या मिमीची ठेवा आणि त्याआधी बिट बदला.

एकाच कमानीसाठी आम्ही खरवडपात्याची बाजू घेऊ. हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा घ्या, दाते ग्राइंडरवर काढा आणि जुन्या पट्टीच्या छेदाचा उलटा आकार कानसने घासून आणा. कड अगदी काटकोनात ठेवा. सागवानाच्या एल आकाराच्या ठोकळ्यात चीर पाडून पातं स्क्रूने आवळा. ठोकळ्याचा खांदा वळणाच्या कडेला टेकवायचा. आतल्या कडेसाठी तो किंचित बहिर्गोल घासा, म्हणजे अडखळत नाही. आधी राऊटरच्या सरळ बिटने पायऱ्या पाडून जास्तीचं लाकूड काढा, मग पातं पुढे झुकवून हलक्या हाताने ओढा. लाकडाची पिठासारखी भुकटी पडायला लागली की कड बोथट झाली असं समजा, बारीक सालपटं निघत राहिली पाहिजेत. सागवानात सिलिका असते, पातं लवकर मरतं, म्हणून कानस हाताशी ठेवा. सरळ पट्टी आणि वाकडी पट्टी यांच्या जोडावर दोन्ही बाजूंनी तेच पातं फिरवता येतं, ही या साध्या हत्याराची मोठी सोय.

सीएनसी आणि रंगाचं काम

नागपुरात देवघरं आणि जाळ्या कोरणाऱ्या सीएनसीवाल्यांकडे हे काम होतं. छेदाचं आणि फर्म्याचं ड्रॉइंग द्यायचं, जोडलेला लाकडी अर्धबहुकोन आपणच द्यायचा. ६ मिमीच्या गोल बिटने अर्ध्या मिमीच्या सरकीने (दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर) कोरायला सांगा. सरकी मोठी ठेवली तर घासत बसावं लागतं. गोल बिट आतला काटकोन देऊ शकत नाही, गोला आणि पट्टी भेटतात तो खाचा बुजलेला येतो. तो पटाशीने साफ करायची तयारी ठेवा. आत वळलेली, खालून पोकळ नक्षी साध्या तीन अक्षांच्या मशीनवर निघत नाही.

रंग लागणार असेल तर सागवानाचा हट्ट सोडा. १८ मिमी एचडीएचएमआरच्या (ओलावा सोसणारा दाट फायबर बोर्ड) ८ बाय ४ फुटी शीटमधून ही पूर्ण कमान एकसंध निघते, एकही जोड येत नाही. जुनी पट्टी २५ मिमीची असेल तर पाठीला पट्टी चिकटवून जाडी भरा. साधा एमडीएफ वापरू नका. कोरलेल्या भागात त्याचा मऊ गाभा उघडा पडतो आणि पावसाळ्यात फुगतो. एचडीएचएमआरवरही सीलरचे दोन हात देऊन, काचकागद मारून मगच प्रायमर लावा. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या कमानीला मात्र सागवानच.

वाफेवर वाकवणं कमानीच्या पट्टीला लागूच पडत नाही. स्कर्टिंगला चालेल (दर २५ मिमी जाडीला तासभर वाफ), पण भट्टीत वाळवलेलं सागवान त्यात सहज तडकतं. तयार लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) मोल्डिंगचा छेद तुमच्या जुन्या पट्टीशी जुळणं हा निव्वळ योगायोग. गोल भिंतीच्या स्कर्टिंगला ४ मिमीचे तीन थर हे उत्तर. रंगाचं असेल तर पाठीला चिरा मारूनही भागतं: काटकोनात वळणाऱ्या बाहेरगोल भिंतीला १० मिमी खोल चिरांनी मिळून सुमारे १६ मिमी लाकूड काढावं लागतं. जाड पात्याच्या पाच-सहा चिरांपेक्षा दीड मिमी पात्याच्या दहा-अकरा मारा, नाहीतर पुढे पैलू दिसतात.

गोंद, हवा, लाकूड

वाकवलेल्या थरांत ताण कायम राहतो. पांढरा गोंद, मरीन प्रकारचा असला तरी, अशा ताणाखाली हळूहळू सरकतो आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांत जास्तच. थरांसाठी इपॉक्सी वापरा, तुकड्यांच्या जोडाला मरीन पुरतो. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या आधी लगेच ॲसिटोनने पुसा. उन्हाळ्यात इपॉक्सीही भराभर घट्ट होतो, २५ पट्ट्यांचं काम पहाटे सावलीत करा आणि आधी एकदा कोरडी जुळणी करून शिकंजे मोजून ठेवा.

भर पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच कापू नका. घरात मोकळं रचून ठेवा, मीटरवर ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की घ्या. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात जोड उघडतात.

लाकडाच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाचं सागवान इथूनच गेलं. पण जुन्या पट्टीशी रंग जुळवायला नव्या फळीपेक्षा पाडलेल्या वाड्याची तुळई बरी. तिच्यात लपलेले खिळे शोधायला चुंबक फिरवा. नवीन सागवान रंधल्यावर हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि उजेडात सोनेरी होतं. म्हणून पॉलिशचा रंग त्याच दिवशी जुळवू नका. पट्टी आठवडाभर उजेडात ठेवा, मग नमुना लावा.

बसवताना

डोळा चूक पकडतो तो कमान जिथे सरळ खांबाला भेटते तिथे. तिथे जुन्या कामात ठोकळा असेल तर नशीब समजा, दोन्ही पट्ट्या ठोकळ्यावर संपतात आणि अर्ध्या मिमीचा फरक दिसत नाही. ठोकळा नसेल तर वाकडी पट्टी टोकांशी अर्धा मिमी जाड ठेवा, बसवा आणि मग तिथेच खरवडपात्याने उतरवून सरळ पट्टीत मिळवा. पॅनल पिना चौकटीत मारा, चुन्याच्या गिलाव्यात नाही. आधी दीड मिमी छिद्र पाडा आणि पिना गलत्याच्या खाचेत बुडवा, तिथे मेण भरलेलं दिसत नाही.