मोस्टा की बिर्किरकारा? दोन्हीकडे राहून आलेल्या भुसावळकराचं मत

आपल्या भुसावळ-फैजपूर भागातून नर्सिंग करून माल्टाला जाणाऱ्या पोरापोरींचे आईवडील हल्ली मला गाठून विचारतात, भाड्याने घर कुठे घ्यायचं? इम्सिदाच्या मेटर डेई हॉस्पिटलात नोकरी असेल तर बिर्किरकाराला घ्या. राहायला छान गाव कोणतं असं विचाराल तर मोस्टा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि एजंट लोक ते एक करूनच घर गळ्यात मारतात.

मी रेल्वेतला रिटायर्ड लोको पायलट. मुलगी मेटर डेईत नर्स आहे. तिचं पहिलं घर मोस्टाला होतं, तिथे आम्ही दोघांनी हिवाळा काढला. पुढे तिने बिर्किरकाराला घर घेतलं, तिथे उन्हाळा आणि पावसाची सुरुवात पाहिली. म्हणजे दोन्ही गावं एकाच ऋतूत पाहिलेली नाहीत, एवढं धरून वाचा.

मोस्टा म्हटलं की आधी घुमट. या गोल चर्चचं काम 1833 साली सुरू झालं, तेही जुनं चर्च आत तसंच ठेवून, त्याच्या भोवती. नवं उभं राहिलं तेव्हा जुनं पाडलं. 9 एप्रिल 1942 ला माणसं प्रार्थनेला जमलेली असताना बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. तसल्या बॉम्बची प्रतिकृती आत ठेवली आहे. पर्यटक फोटो काढून निघून जातात, राहणाऱ्याच्या कामाचा आहे तो चर्चसमोरचा चौक. संध्याकाळी माझ्या वयाची मंडळी तिथे बसलेली असतात. इंग्रजी बहुतेकांना येतं. मी इंजिन चालवायचो म्हटल्यावर त्यांनी मला दोनदा कॉफी पाजली.

जवळच ता काली आहे. युद्धाच्या काळातला हा विमानतळ, आता तिथे बाग आणि स्टेडियम. देशाचं भाजीपाल्याचं घाऊक मार्केटही तिथेच, त्यामुळे मोस्टात गाडीवर येणारी भाजी ताजी वाटली. वांगी जांभळी, ढब्बू. बामणोदच्या भरताच्या वांग्याची सर त्यांना नाही, पण गॅसवर भाजून, मिरची ठेचून, कांद्याची पात घातली की जेवण होतं. गॅसही आपल्यासारखा सिलिंडरचाच, गल्लीत ट्रक येतो. नव्या फ्लॅटात मात्र विजेची शेगडी असते, तिच्यावर भरीत विसरा. घर बघताना आमच्या सौ.नी पहिला प्रश्न हाच विचारला होता.

मोस्टाच्या घराने छळलं ते ओलीने. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, घरं पिवळसर मऊ दगडाची, आणि उत्तरेकडच्या खोलीत ऊन येत नाही. जानेवारीत कपाटामागची भिंत काळी पडली. आपल्याकडचा कोरडा हिवाळा अंगवळणी पडलेल्या माणसाला ती थंडी हाडात शिरल्यासारखी वाटते. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं, यंत्राने गोडं केलेलं, तरी चव खारटच. सौ.चं माहेर अमळनेरचं. दुकानातून बाटल्यांचा गठ्ठा उचलताना त्या म्हणाल्या, "आठे पानी बी इकत लेनं पडस!" ही तक्रार दोन्ही गावांना सारखीच लागू. ओलीबद्दल घरमालक म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवा. उघड्या ठेवल्या तर गारठा. शेवटी मुलीने हवेतलं पाणी ओढणारं मशीन आणलं, त्याची टाकी रोज भरायची.

पण घर बदललं ते ओलीमुळे नाही, बसमुळे. अख्खा देश 316 चौरस किलोमीटरचा, आपल्या एका तालुक्यात मावेल. माणसं पाच लाखांवर आणि वाहनं चार लाखांवर. तिथे किलोमीटर मोजून काही कळत नाही. मोस्टाहून हॉस्पिटल भुसावळ-वरणगावपेक्षाही जवळ, तरी सकाळी सातच्या ड्यूटीला मुलगी साडेपाचला घर सोडायची. कार्ड काढलेल्या रहिवाशाला ऑक्टोबर 2022 पासून बस फुकट आहे (आमच्यासारख्या पाहुण्यांना तिकीट पडतं), पण भरून आलेली बस स्टॉपवर थांबत नाही, आणि पुढची कधी येईल ते फलक सांगतो तसं होत नाही. बारा तासांची ड्यूटी, वर हे जाणं-येणं. आमच्या काळी कॉलबॉय रात्री दोनला क्वार्टरचं दार वाजवायचा आणि आम्ही चालत लॉबीत जाऊन साइन ऑन करायचो, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायचो. रनिंग स्टाफला स्टेशनजवळ क्वार्टर देणाऱ्यांना काहीतरी कळत होतं. शिफ्टची नोकरी करणाऱ्याने घर तसंच शोधावं.

बिर्किरकाराहून मुलगी अर्ध्या तासात चालत वॉर्डात पोचते. नाइट करून आली की साडेसातला अंथरुणात. या एका गोष्टीपुढे माझ्या बाकीच्या तक्रारी फिक्या आहेत, तरी सांगतो. जुन्या भागात गल्ल्या चिंचोळ्या, फुटपाथ एका माणसाचा, त्यावरही कुणीतरी चाक चढवलेलं. शेजारी बांधकाम चालू होतं, दगड कापायची करवत सकाळी सातला सुरू. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उन्हाळ्याचा बाऊ मात्र करू नका. पस्तीस डिग्रीला तिथली माणसं हाय खातात. भुसावळचा मे काढलेल्याला दमटपणा तेवढा टोचतो.

आता माझ्या आवडीचं. माल्टात आज रेल्वे नाही, पण 1883 ते 1931 होती. मीटरगेज, राजधानी वॅलेटाहून जुन्या इम्दिना शहराकडे, जेमतेम अकरा किलोमीटर. आपल्या जुन्या पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडीपेक्षा, पीजेपेक्षा, रूळ रुंद आणि लांबी पाचवा हिस्सा! ट्राम आणि मग बस आल्या, गाडी बंद पडली. मोस्टाला ती कधी गेलीच नाही. बिर्किरकाराला मात्र स्टेशनची इमारत शाबूत आहे, भोवती बाग आहे आणि बागेत थर्ड क्लासचा एक डबा ठेवलाय. सौ. बाकावर बसायच्या आणि मी डब्याभोवती फिरून कपलिंग बघायचो. या बागेसाठी मी बिर्किरकाराला एक तारा जास्त देतो, तुम्ही देऊ नका.

एक गोष्ट मात्र नीट बघा. बिर्किरकाराचा व्हॅली रोड जुन्या ओढ्याच्या पात्रात आहे. वरच्या गावांचं पाणी तिथून खाली इम्सिदाच्या खाडीकडे जातं. युरोपीय निधीतून जमिनीखाली बोगदे खणले, तरी पहिल्या जोरदार सरीला रस्त्यावरून पाणी वाहताना मी गॅलरीतून पाहिलं आहे. त्या रस्त्याला तळमजल्याचं घर फुकट दिलं तरी घेऊ नका. एजंट तुम्हाला जुलैत कोरडा रस्ता दाखवतो.

भाड्यात फार फरक पडला नाही, दोन खोल्यांना दोन्हीकडे हजार युरोच्या आतबाहेर. मुलीने एक केरळी मैत्रीण सोबत घेतली. 2020 पासून करार सरकारकडे नोंदवावाच लागतो. घरमालक "नंतर बघू" म्हणाला की उठून या. विजेच्या मीटरवर घरात राहणाऱ्यांची संख्या नोंदवून घ्या, दर त्यावर ठरतो.

फैजपूरच्या एकांचा मुलगा मोस्टा टेक्नोपार्कात लागलाय, त्यांना मी डोळे झाकून मोस्टा सांगितलं, फक्त दक्षिणेची खिडकी बघून घ्या म्हटलं. लहान मुलं आणि स्वतःची गाडी असलेल्या कुटुंबालाही मोस्टाच. आमच्या मुलीचा करार लवकरच संपतोय. ती बिर्किरकारातच, पण चढावरच्या बाजूला घर शोधतेय. सौ.नी कळवून टाकलंय, लिफ्ट असेल तर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची पिशवी घेऊन येते, नाहीतर पप्पांना एकटं पाठवते.