जीपीएसवाला डॅशकॅम (गाडीत पुढच्या काचेला लावायचा कॅमेरा) घ्या, अगदी मनापासून सांगतोय
अटल सेतूवर गाडी थांबवायला बंदी, त्यामुळे पहाटे शिवडीहून चिर्लेकडे जाताना आकाशात एकामागोमाग सरकणारे दिवे दिसले तेव्हा मोबाईल काढायचा प्रश्नच नव्हता, बायको ओरडतेय अहो ते बघा काय, यूएफओ असेल, आणि डॅशकॅम मात्र सगळं टिपत होता!! वाइड अँगलमुळे दिवे अगदी बारीक दिसतात, अंधारात चित्र दाणेदार पण येतं, झूम करून काही उपयोग नाही. पण स्क्रीनवर वेळ आणि जागा पक्की येते ना, तीच कामाची, त्यावरून ताडून बघितलं तर स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे सॅटेलाइट निघाले, नवीन सोडले की सुरुवातीचे काही दिवस असेच रांगेत दिसतात, सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर. काय भारी दिसतं यार! बिनजीपीएसचा स्वस्त मिळतो, पण नका घेऊ.