"उरलेला डांबराचा माल आहे, स्वस्तात करून देतो" म्हणत कोणी दारात आलं तर

आमचं पुण्याजवळ मांजरी गावात छोटं बैठं घर आहे. गेटपासून पोर्चपर्यंत ६० फूट लांब, १० फूट रुंद कच्चा रस्ता, खाली सगळी काळी माती. पावसाळ्यात गाडी गेटबाहेर लावायची आणि चपला हातात घेऊन आत यायचं, हे चार वर्षं केलं आणि यंदा ठरवलं की डांबरी करूनच टाकू.

मे महिन्याच्या शेवटी एक जण बाइकवरून आला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला एकदम गोड. म्हणाला साहेब, पलीकडे आमचं रोडचं काम चालू आहे, माल उरलाय, परत नेला तर फुकट जाणार, तुम्हाला ७५ रुपये चौरस फुटाने देतो. आदल्याच आठवड्यात एकाने खोदाई, मुरूम, खडी सगळं धरून १६० सांगितलं होतं आणि मी त्याला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो! खोदायचं नाही का विचारलं तर म्हणे जमीन चांगली बसलीये, उगाच कशाला पैसे घालवता. ही म्हणाली, आधी ते रोडचं काम बघून तरी या. मी गेलो नाही, पाऊस तोंडावर आला होता ना. ४५ हजारांतले २० हजार उभ्या उभ्या जीपे केले, ते भलत्याच नावावर गेले, तेही दिसलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी एक छोटा टेम्पो, चार पोरं आणि क्रिकेटच्या पिचवर फिरवतात तसला हातरोलर. माती झाडली, झारीने थोडं डांबर शिंपडलं, माल पसरला, दोन तासांत खेळ खलास. उरलेले २५ हजार रोख घेतले, बिल उद्या आणून देतो म्हणाला. रस्ता इतका काळाकुळकुळीत दिसत होता की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला (आता डिलीट करून काय उपयोग, सगळ्यांनी बघितलाय). फक्त डिझेलचा वास येत होता आणि मालातून जरासुद्धा धूर निघत नव्हता, पण मला काय कळतंय त्यातलं.

जूनच्या पहिल्या पावसात गेटपाशी साचलेल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग आला. मग खडी सुटायला लागली, रोज सकाळी झाडलं की सुपलीभर निघायची. पोर्चसमोर गाडी वळवताना जागेवर स्टीअरिंग फिरवतो तिथे आधी खड्डा पडला, आणि कडेने तर चक्क हरळी डांबर फोडून वर आली. आई म्हणाली, अरे हे तिळाच्या लाडवासारखं सुटतंय, पाक कच्चा राहिला की असंच होतं.

माझा मेव्हणा रस्त्याच्या साइटवर सुपरवायझर आहे, त्याला बोलवलं. त्याने कोपऱ्यात पहार घातली, एका दणक्यात पापुद्रा निघाला, टेप लावली तर जाडी १५ मिलिमीटर, आणि खाली थेट माती. मला २ इंच सांगितले होते, म्हणजे ५०! तो म्हणाला, आई बरोबर बोलतायत, फक्त पाक कच्चा नाही, थंड झालेला होता. हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि डांबराचा गरम माल, प्लांटवरून दीडशे अंशांच्या आसपास निघतो, ताडपत्री झाकून आणतात आणि नव्वदच्या खाली जायच्या आत रोलिंग संपवावं लागतं, त्यामुळे काल उरलेला माल आज गरम असूच शकत नाही, मऊ करायला त्यात डिझेल ओततात आणि डिझेल डांबराची पकडच घालवतं. काळी माती तर पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, ती किमान फूटभर काढून मुरूम, त्यावर खडी, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा, पाणी घराकडे न येता बाहेर जाईल असा उतार द्यायचा, दोन्ही कडांना विटांची नाहीतर कर्बची पट्टी, आणि मग डांबर. मी नको म्हटलेल्या कोटेशनमध्ये हेच सगळं लिहिलेलं होतं.

मग त्याने असा हिशोब मांडला की मी गप्पच झालो. ६०० चौरस फुटांवर २ इंच म्हणजे दाबून साडेसहा टन माल लागतो. दाजी, त्या टेम्पोत दोन-अडीच टनांच्या वर बसतच नाही, तुम्ही वजनकाट्याची पावती मागितली असती तर तो गेटवरूनच पळाला असता.

फोन अर्थातच बंद. चौकीत म्हणाले हा दिवाणी मामला आहे. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन केला. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फीसुद्धा नाही, पण तक्रार करायची कोणावर? बिल नाही, पत्ता नाही, नावसुद्धा खरं आहे की नाही देव जाणे. त्यामुळे निदान आधारकार्डाचा फोटो आणि सहीचं कोटेशन घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि शेवटचे थोडे पैसे एक पाऊस होईपर्यंत हातात ठेवा.

दिवाळीनंतर त्या १६० वाल्यालाच बोलवलं. पोरांनी जुनं डांबर फावड्याने खरवडलं, जेसीबीसुद्धा लागला नाही. सगळं मिळून ट्रॉली अर्धीही भरली नाही, पण ट्रॅक्टरवाल्याने राडारोडा न्यायचे पूर्ण ट्रॉलीचे बाराशे घेतले.